आईचं इष्टलिंग पोचवायला: नांदेड, उदगीर, निलंगा

फाल्गुनातल्या एका रविवारी कपाटावरचं दवाखान्याचं मोठं पाकीट खाली काढलं, आणि हा प्रवास ठरला. आईच्या मेंदूच्या तपासणीच्या फिल्म त्यात होत्या. आता त्यांचा उपयोग नव्हता. पाकीट उलटं केलं तर फिल्मच्या मागोमाग चांदीची छोटी डबी फरशीवर पडली. दोऱ्यासकट.

या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, बारव, जुनी देवळं असंच लिहीत आलो. शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी, सुट्ट्या मोजक्या, म्हणून सगळे प्रवास नांदेडहून एसटीने दोन-तीन दिवसांत होतील असेच. हाही तसाच आहे. गाड्या, खाणं, तिकिटं हे सगळं नेहमीप्रमाणे सांगेनच. फक्त या वेळी पिशवीत कॅमेरा नव्हता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात अशाच डबीत इष्टलिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि त्याआधी, किंवा ते अंगावर नसताना, पाण्याचा घोट घ्यायचा नाही. माणूस गेलं की त्याला बसवून समाधी देतात आणि तेच लिंग त्याच्या डाव्या हातात ठेवतात. अंग आणि लिंग तिथं एक झालं, दोन उरले नाहीत, असं आम्ही मानतो. आई हे सगळं मानायची नाही, करायची. तापात, प्रवासात, लग्नघरात, कुठंही तिचं पूजेआधी पाणी झालेलं मी पाहिलं नाही.

मार्गशीर्षात तिला नांदेडच्या एका दवाखान्यात आणलं होतं. तपासणीला आत नेताना अंगावर धातू चालत नाही म्हणाले, म्हणून मीच तिच्या गळ्यातली डबी काढून शर्टाच्या खिशात ठेवली. खिसा उथळ. फिल्मचं पाकीट हातात आल्यावर, वाकताना पडू नये म्हणून डबी त्यात टाकली असणार. असणार म्हणतो, कारण मला ते आठवत नाही. दुपारी तीनच्या सुमारास आईनं पाणी मागितलं. डॉक्टरांनी चमच्यानं द्यायला सांगितलं होतं. मी चमचा पुढे केला तर तिनं गळ्याशी हात नेला आणि तोंड मिटून घेतलं. मी खिसे चाचपले, पिशवी पाहिली. डबी नव्हती.

आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात दर सोमवारी मी काही वाचतो आणि अर्थ सांगतो. जीव आणि शिव वेगळे नाहीत, ज्याला शोधतोस तो तूच आहेस, हाच विषय. गेली वीस वर्षं. त्या दुपारी मी आईला म्हणालो, "आई, लिंग बाहेर कुठं असतं? तूच लिंग आहेस. पाणी पी."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली. तीन चमचे पाणी प्याली. दिवे लागायच्या आधी ती गेली.

दुसऱ्या दिवशी गावाकडं समाधी देताना गावच्या स्वामींनी लिंग मागितलं तेव्हा दवाखान्यात कुठंतरी राहिलं एवढंच मी सांगितलं. स्वामींनी आपल्या झोळीतून नवं काढून आईच्या हातात ठेवलं. माझी मोठी बहीण, अक्का, माझ्याकडं बघत होती. चमच्याची गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

आणि आता डबी माझ्या हातात होती. तिच्या कडेला दोन बारीक खळगे आहेत. ते माझ्या दुधाच्या दातांचे. अंगावर पीत असताना मी डबी चावायचो, असं आई सांगायची.

ती आईकडं पोचवायची होती. आणि त्याआधी अक्काला सांगायचं होतं.

पहिला दिवस: नांदेड ते उदगीर

सकाळी साडेसातची गाडी धरली. लोहा, कंधार, जांब, जळकोट करत उदगीर. अंतर शंभराच्या थोडं वर, पण वेळ सव्वातीन-साडेतीन तास धरा. तिकीट दोनशेच्या आसपास, बायकांना अर्धं. डावीकडची खिडकी घेऊ नका, उन्हं थेट तोंडावर येतात. मी घेतली होती.

लोह्याच्या पुढं आमच्या समोरच्या बाकावर एक साठीचं जोडपं चढलं. कंडक्टरनं एक पूर्ण आणि एक अर्धं फाडलं. काका म्हणाले, नवरा-बायको म्हणजे एकच जीव म्हणतेत, मग दीड कामून? कंडक्टर वही लिहिता लिहिता म्हणाला, "एकच जीव हाव तर एकाच शीटावर बसा. मावशीला उठवतो."

"त्यांनाच उठवा," मावशी खिडकीतून तोंड न वळवता म्हणाल्या. "मला सवलत हाय. त्यांना काय हाय?"

गाडी हसली. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सगळ्यात जास्त हसले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात स्वच्छ चपला. निवृत्त शिक्षक निघाले, सोनकांबळे गुरुजी. जांबला लेकीकडं चालले होते. मी एवढा वेळ हात छातीशी का धरून बसलोय, छातीत दुखतंय का, असं त्यांनी विचारलं. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. डबीचं सांगितलं. पाण्याचं नाही सांगितलं. बोलता बोलता माझ्या सोमवारच्या प्रवचनाचा विषयही निघाला.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता सगळीकडं मीच हाय. आमच्या धम्मात म्हणतेत, मी म्हणून जे धरून बसलाव ते कुठंबी न्हाई. आपलं भांडण लागाया पाहिजे खरं तर."

"मग?"

"मग काय. तिकीट दोघांनाबी लागलंच की."

कंधारला गाडी वीस मिनिटं थांबते. स्टँडवर सुशीला चांगली मिळते. बाहेरच्यांनी नावावर जाऊ नये, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हिरवी मिरची, शेंगदाणे आणि हळदीची फोडणी, दुसरं काही नाही. गुरुजींनी मला पैसे देऊ दिले नाहीत. कंधारचा किल्ला आणि तळं या ब्लॉगवर आधी येऊन गेलंय. या वेळी गाडीतूनच पाहिलं. तळ्याचं पाणी काठापासून बरंच आत गेलेलं. पुढं घाटाच्या उतारावर पळस फुललेले, पानं नाहीत, नुसती फुलं. एरवी मी गाडी थांबवायला लावली असती.

जांब जवळ आल्यावर पिशवी मांडीवर घेत गुरुजी म्हणाले की त्यांची बायको दोन वर्षांमागं गेली. हाडांचा कर्करोग. शेवटी शेवटी ते तिच्या उशाशी बसून सांगायचे, हे सगळं अनित्य आहे, दुःखही अनित्य आहे. "एकदा ऐकून घेतली. दुसऱ्यांदा म्हणली, गुरुजी, आधी पाय दाबा."

"घरातसुद्धा गुरुजी म्हणायच्या?"

"रागात आली की."

"मग दाबलेत?"

"दाबले की. रोज दाबले. पुन्हा मला तिला काही शिकवायला जमलं न्हाई."

ते उतरले. खालून हात वर केला, मी केला. उरलेला तासभर मला ती बाई दिसत होती, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. पाय पुढं करून पडलेली.

उदगीरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन टोचायला लागलं होतं. अक्काचं घर मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं आहे. तुरीच्या हंगामात त्या गल्लीत हवेला डाळीच्या भुशाचा वास असतो, आणि ओट्यावर हात ठेवला की पांढरा होतो. दाजी आडतीवर गेलेले. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. न सांगता आलो म्हणून आधी घाबरली, मग रागावली, मग चहा ठेवला. मी डबी काढून तिच्यासमोर ठेवली.

ती उठली, पदर डोक्यावर घेतला, हात धुऊन आली आणि मग डबी उचलली. दोन्ही डोळ्यांना लावली. खळग्यांवरून बोट फिरवलं. कुठं सापडली विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं आता रडेल. ती मोजत होती.

"तपासणी दुपारी झाली म्हणलास."

"हो."

"आई दिवे लागायच्या वक्ताला गेली."

"हो."

"मग पाणी?"

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला, दोन कप गाळले, आणून ठेवले, पुन्हा बसली. मी सगळं सांगितलं. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांग म्हणाली, तेही सांगितलं. स्वतःच्या आवाजात ते वाक्य भर दुपारी, चहाच्या कपांसमोर ऐकणं फार वाईट होतं.

"सोमवारी लोकाला सांगतोस ते तिला सांगितलास."

मी मान हलवली.

"नागू, खरं बोल. लिंग सापडत न्हवतं म्हणून म्हणलास, का तुला तसं दिसलं म्हणून?"

"सापडत नव्हतं म्हणून."

अक्कानं आपला कप माझ्याकडं सरकवला. तिचा आवाज चढला नव्हता. "हे आईपाशी पोचंपर्यंत मला पाणी नको. उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. आता तू जरा बाहेर हिंडून ये."

मी दोन्ही कप चहा प्यालो. टाकून देणं तिला आवडलं नसतं.

उदगीरचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी जावं. दुपारी दगड तापतात आणि आत सावली थोडी. स्टँडपासून ऑटोला पन्नास-साठ रुपये, चालत गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं. खंदक खोल आहे, बुरूज शाबूत आहेत, फारसी शिलालेख ठिकठिकाणी. पिण्याचं पाणी सोबत न्या. मी दारात एक बाटली विकत घेतली, एका कमानीखाली बसून ती पूर्ण प्यालो. अक्काच्या घरी तांब्याकडं बघवत नव्हतं. तिच्यासोबत आपणही पाणी सोडावं असं मनात आलं होतं, पण ते तिचं होतं. त्यात वाटा मागायचा मला हक्क वाटला नाही.

खाली उतरून गेलं की महादेवाचं ठाणं आहे. तिथं गारवा असतो. तासभर बसलो. आधी सवयीनं डोळे मिटले आणि नेहमीचा विचार धरायचा प्रयत्न केला, की बघणारा कोण, हा त्रास कुणाला होतोय, तो शोध. एरवी असं केलं की मन सैल होतं. त्या दिवशी उत्तर लगेच आलं. मला होतोय. नागनाथला. दुसऱ्या कुणाला नाही.

तो तूच आहेस, हे वाक्य मी पुस्तकांतून, मठातल्या बैठकांतून, मोठ्या माणसांच्या तोंडून जमवलं होतं. अनेक जण देवळातून जाताना सांगायचे की तुमचं ऐकून बरं वाटलं. मलाही वाटायचं. पण वीस वर्षांत त्या वाक्याच्या आधारानं मला काही करावं लागलं नव्हतं. पहिल्यांदा ते कामाला घेतलं ते हरवलेली वस्तू झाकायला. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही, आजही म्हणणार नाही. पण त्या दिवशी ते माझ्या तोंडात कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी दाजी आले. त्यांना अक्कानं काय सांगितलं माहीत नाही. ते माझ्याशी फक्त तुरीच्या भावाबद्दल बोलले. अक्कानं आम्हाला वाढलं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, आणि आपलं ताट घेतलं नाही.

दुसरा दिवस: उदगीर ते निलंगा, आणि गाव

निलंग्याला जाणाऱ्या गाड्या सकाळी बऱ्यापैकी आहेत, देवणीवरून जाणारी मिळाली तर घ्या. दोन तास लागतात, तिकीट शंभरच्या आसपास. रस्ता मधून मधून नवा झालाय, मधून मधून तसाच आहे. देवणीच्या आधी शेतांत त्या भागातली प्रसिद्ध गुरं दिसतात, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. कानडी बोली इथपासून कानावर पडायला लागते. एक बाई फोनवर मराठीत भांडत होती आणि हिशोब लागेना झाला की कानडीत शिव्या देत होती.

अक्का खिडकीशी. पिशवी मांडीवर, पिशवीत नव्या कापडात गुंडाळलेली डबी. सकाळी तिनं आपली पूजा केली होती, पण नंतरचं तीर्थ घेतलं नव्हतं. रक्तदाबाची गोळी कोरडीच गिळली. तिच्या ओठांना भेगा पडलेल्या दिसत होत्या. मी दोनदा विचारलं, दोनदा तिनं मान हलवली. उदगीरपासून निलंग्यापर्यंत एकच वाक्य बोलली. मी खिडकी लावू का विचारलं तेव्हा म्हणाली, राहू दे, वारा लागू दे.

निलंग्याला गेलात तर स्टँडजवळ सकाळी निलंगा राईस खा. तिखट, पिवळा, वरून शेव, लिंबू. लोक लांबून त्यासाठी येतात. प्लेट तीस-चाळीस रुपये. चवीचं या खेपेस सांगू शकत नाही. नीलकंठेश्वराचं देऊळ स्टँडपासून चालत जाण्याजोगं आहे, कोरीव काम बघण्यासारखं आहे. आम्ही तिकडंही गेलो नाही, कारण गाडीतून उतरताना अक्काचा पाय चुकला आणि ती स्टँडच्या बाकड्यावर बसली ती उठेना. डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाली. काल अकरापासून आज साडेदहापर्यंत एक थेंब नव्हता.

मी धावत जाऊन थंड बाटली आणली. झाकण काढलं. बाटलीवर बाहेरून पाणी साचलं होतं, ते माझ्या मनगटावरून ओघळत होतं. तिच्यासमोर उभा राहिलो.

आणि मला सगळं सुचलं. अक्का, लिंग तुझ्या मांडीवर आहे, आई तुझ्यात आहे, पिणारा कोण आणि थांबणारा कोण, शरीराचा धर्म शरीराला करू दे. शब्द असे ओळीनं उभे होते. सोमवारी उभे असतात तसे. तिला काही झालं तर, हेही मनात होतंच. कारण चांगलं होतं. दवाखान्यात त्या दिवशीही चांगलंच होतं.

अक्कानं वर बघितलं. तिला कळलं.

"म्हण की," ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण लावलं. तिच्या शेजारी बसलो. रुमाल भिजवून तिच्या मानेवर ठेवला, तेवढं तिनं करू दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी ती उठली. मी तिचा दंड धरला तो गावापर्यंत सोडला नाही.

निलंग्याहून आमचं गाव बारा किलोमीटर, जीप भरली की निघते, माणशी तीस रुपये. नाव लिहीत नाही, तिथं बघण्यासारखं काही नाही.

स्वामी आता ऐंशीच्या पुढचे. अंगणात बाजेवर बसून कुडाची काडी दातात फिरवत होते. आईला ते तिच्या लग्नापासून ओळखत. शरणार्थ, म्हणजे आमच्यातला नमस्कार, झाला. आम्ही डबी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांना ओळख लगेच पटली. मी सगळं सांगितलं, पाण्यासकट. या वेळी कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

ते बराच वेळ खोकले. मग अक्कानं विचारलं, जे मला रात्रंदिवस टोचत होतं तेच. आईच्या हातात तुम्ही दिलेलं नवं लिंग आहे. आता हे जुनं. एका माणसाला दोन कशी?

स्वामी म्हणाले, "मला शास्त्र तिथवर येत न्हाई बाई."

त्यांनी अंगणाच्या मातीत काठीनं उगाच एक रेघ ओढली, पायानं पुसली. "पर मातीला एक आन् दोन कळत न्हाई. चला."

समाधी शेताच्या बांधाला आहे, वडिलांच्या शेजारी. वर नुसता मातीचा ओटा, बांधकाम अजून व्हायचंय. हरभरा काढून झालेला, रान मोकळं. स्वामींनी सांगितलं, ज्यानं गळ्यातून काढलं त्यानंच पोचवायचं. मला बसवलं. मी हातानं ओट्याच्या कडेला उकरायला लागलो. वरची माती भुसभुशीत, खाली घट्ट. कोपरापर्यंत हात जाईल एवढं करायला बराच वेळ लागला. नखांत माती गेली.

मग डबी उघडली. काळं, गुळगुळीत, अंगठ्याएवढं लिंग. आईचं लिंग मी असं कधी हातात घेतलं नव्हतं, कुणी दुसऱ्याचं घेत नाही. डाव्या तळहातावर ठेवलं. भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. स्वामी म्हणाले, नजर त्यावर ठेव. ठेवली. मी खोटं लिहिणार नाही, मला तिथं एकपण वगैरे काही जाणवलं नाही. हात माझा होता. लिंग तिचं होतं. ती नव्हती.

अक्कानं तांब्यातून धार धरली. लिंगावरून पाणी माझ्या तळहातात साचलं, बोटांच्या फटींतून गळायला लागलं. स्वामींनी तिला खूण केली. तिनं वाकून माझ्या तळहाताला तोंड लावलं आणि ते तीर्थ प्याली. तिचे ओठ हाताला लागले, खरबरीत होते. पुन्हा धार धरली, पुन्हा प्याली. तिसऱ्यांदा स्वामींनी मला घ्यायला सांगितलं.

लिंग कापडात गुंडाळून खड्ड्यात ठेवलं. डबी सोबत ठेवणार होतो, स्वामींनी हात धरला. चांदी दिसली तर कुणीतरी आईला उकरून काढील, म्हणाले. माती लोटली. तळहातानं थापली.

परत येताना अक्का बांधावर बसली आणि उरलेला तांब्या सावकाश रिता केला. मी बाजूला उभा होतो. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तिला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू डबी हरवलास ते. ल्हानपणापासून तुझं असंच हाय. पाटी हरवलास तवा म्हणला होतास, सरस्वती काय पाटीत असती का. छत्री हरवलास तवाबी असंच कायतरी लई मोठं. मोठं बोलाया लागलास की आई मला म्हणायची, बघ गं, आज कायतरी हरवून आलाय."

मी नखांतली माती काढत राहिलो.

"जन्मात पहिल्यांदा तसंच पाणी प्याली ती. तुला सांगावं लागू नये म्हणून."

तिनं डबी माझ्या खिशात टाकली. दात तुझे हायत, म्हणाली, तूच ठेव.

तिसरा दिवस: लातूरमार्गे परत

गावाहून निलंगा, निलंग्याहून लातूर, लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेड. सकाळी लवकर निघालात तर दुपारी तीनपर्यंत पोचता. लातूर-नांदेड गाड्या दर अर्ध्या तासाला आहेत. वाटेत वेळ असेल तर औसा, खरोसा पाहून घ्या. तीन दिवसांचा एकट्याचा खर्च, पाहुण्यांकडं राहिलात तर, हजाराच्या आत. अक्का उदगीरच्या गाडीत बसली तेव्हा पाण्याची बाटली तिच्या हातात होती. पोचल्यावर तिनं फोन केला. नीट जेव म्हणाली. दुसरं काही नाही.

पुढच्या सोमवारी देवळात माझी पाळी होती. नेमकं तेच पान आलं, तो तूच आहेस. मी वाचलं, पुस्तक मिटलं. समोर बसलेल्या एका काकांनी विचारलं की आज अर्थ सांगणार नाही का. आज नाही, म्हणालो. लोक थोडा वेळ बसले, मग प्रसाद घेऊन गेले. त्यानंतरच्या सोमवारीही मी नुसतं वाचलं. अर्थ सांगायला दुसरं कुणीतरी बघतील.

आई "बरं" म्हणाली ते माझं म्हणणं पटून म्हणाली, असं मी तीन महिने स्वतःला सांगत होतो. आता तसं सांगता येत नाही. अक्काचं खरं असेल तर त्या खोलीत हरवल्याचं ठाऊक असलेले आम्ही दोघं होतो, आणि मला वाटत होतं मी एकटाच आहे.

फिल्म आणि पाकीट रद्दीत दिलं. डबी पूजेच्या फळीवर ठेवलीय. रिकामीच. बायको म्हणाली, बंद करून ठेवा, धूळ बसेल. करून पाहिलं. दातांच्या खळग्यांपाशी झाकण आधीपासूनच नीट बसत नाही.